आधी ऊब, मग दूध

लोणावळ्याचा पाऊस म्हणजे काय, हे मावळातल्या मुलांना सांगायला नको. वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर! महिना महिना कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. आणि अशाच दिवसांत एखादी मांजर गोठ्याच्या माळ्यावर, पेंढ्यात, नाहीतर अडगळीतल्या खोक्यात गुपचूप पिल्लं घालते. एवढ्या गारठ्यात ती इवलीशी पिल्लं जगतात तरी कशी? चला, बघू या.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं वजन असतं साधारण 100 ग्रॅम. डोळे घट्ट मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. त्याला दिसत नाही, नीट ऐकू येत नाही आणि थंडी वाजली तर कुडकुडताही येत नाही! आपण कुडकुडतो तेव्हा स्नायू थरथरून शरीरात उष्णता तयार करतात. पिल्लाला पहिले काही दिवस ही सोय नसते.

त्यात ते एवढंसं. लहान वस्तू लवकर का निवते, ते घरी करून बघा. मोठ्यांच्या मदतीनं पातेलंभर आणि वाटीभर गरम पाणी शेजारी शेजारी ठेवा. दहा मिनिटांनी कोणतं जास्त कोमट झालं? वाटीतलं! थोड्या पाण्याची उष्णता भराभर निघून जाते. पिल्लाचंही तसंच होतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या आसपास साधारण 30 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि लोणावळ्यात पावसाळी रात्री पारा असतो 20-22 अंशांवर. म्हणून तर पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून एकच गोळा करून झोपतात. मधल्याला सगळ्यात जास्त ऊब, कडेच्याला कमी. मग कडेचं पिल्लू डोकं खुपसत खुपसत मध्ये घुसतं!

डोळे-कान बंद असले तरी नाक मात्र जन्मापासून कामाला लागतं. वास आणि ऊब यांच्या मागावर पोटावर सरपटत पिल्लू आईपर्यंत पोचतं. दोन-तीन दिवसांत बहुतेक पिल्लं आपापलं थान ठरवून टाकतात आणि वासावरून नेमकं तेच शोधतात. गाईच्या चिकाचा खरवस तुम्ही खाल्ला असेल ना? मांजरीलाही चीक येतो. पहिल्या दिवसभरात पोटात गेलेल्या या चिकातून पिल्लांना आजारांशी लढणारी प्रतिपिंडं मिळतात.

आई सारखी चाटते, ते फक्त स्वच्छतेसाठी नाही. या वयात पिल्लाला आपलं आपण शी-शूही करता येत नाही. आईची खरखरीत जीभ पोटाखाली फिरली की ते होतं!

आता समजा, पेंढ्यात तुम्हाला पिल्लं दिसली आणि आई दिसली नाही. काय कराल? लगेच उचलून घरी आणाल? थांबा! आई बहुधा उंदराच्या मागे गेली असेल. किंवा जागा बदलत असेल, एकेकाला मानगुटीला धरून नवीन घरी नेत असेल. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते उगाच नाही. बोका, कुत्रा, ओल, माणसांची वर्दळ, कशाचीही शंका आली की ती मुक्काम हलवते. तेव्हा लांब उभे राहून वाट बघा. पिल्लं उबदार, पोटं भरलेली आणि शांत झोपलेली असतील, तर आई येऊन-जाऊन आहे.

पण पिल्लू भिजलेलं, गार पडलेलं, केविलवाणं ओरडणारं असेल तर? तर घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा. पिल्लाला सुक्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा. बाटलीत गरम पाणी भरा, ती जाड कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. फार गरम झालं, तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता आलं पाहिजे. ऊब हळूहळू द्यायची, घाई नाही.

आणि दूध? लगेच नाही! गार पडलेल्या पिल्लाचं पोट कामच करत नाही. दूध पचत नाही, श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. गाईचं दूध तर नकोच, त्यानं पिल्लाला जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते. ती कशी आणि किती द्यायची, हे पशुवैद्यांना विचारा. पाजताना पिल्लाला बाळासारखं उताणं धरू नका, पालथंच ठेवा. नंतर हात साबणानं धुवा. कुणी ओरखडलं किंवा चावलं, तर जखम लगेच साबण-पाण्यानं भरपूर धुवा आणि घरी सांगून डॉक्टरांकडे जा.

‘आईची वाट बघा’ हा नियम फक्त घरच्या मांजरांचा नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरकडे, ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. कधी कधी वाघाटीचीही! वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी जेमतेम दीड किलोची असते. अशी पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य त्यांना तपासतात. पिल्लं ठणठणीत असली, तर संध्याकाळी सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब जातात. अंधार पडला की आई येते आणि पिल्लांना तोंडात धरून घेऊन जाते. कितीही हुशार डॉक्टर असला, तरी पिल्लाला वाढवण्याचं काम आईला सगळ्यात छान जमतं.

तुमच्या घरी मांजर व्याली, तर एक वही करा. आईला न चिडवता लांबून बघा आणि रोज लिहा. कोणतं पिल्लू कोणत्या थानाला लागतं? डोळे कितव्या दिवशी उघडतात? साधारण 7 ते 14 दिवसांच्या मध्ये उघडतील आणि सगळ्यांचे निळसर असतील. मग पुढचे काही आठवडे रोज डोकावून बघा, कुणाचे हिरवे होतात आणि कुणाचे पिवळे!