पांढऱ्या रेघांवरची बर्गंडी

मिशलिनच्या रस्तेनकाशावर फ्रान्स मुख्यतः तीन रंगांत दिसतो. लाल रेघ म्हणजे ट्रकांचा राबता. पिवळी म्हणजे जिल्ह्याचा बऱ्यापैकी रुंद रस्ता. पांढरी रेघ मात्र एका वाडीतून निघते, द्राक्षमळ्याला वळसा घालते आणि दुसऱ्या वाडीच्या चर्चपाशी संपते. समोरून ट्रॅक्टर आला तर कोणीतरी गवतात उतरायचे, एवढीच तिची रुंदी. रस्ता देखणा असेल तर नकाशा त्याला हिरवी किनार लावतो. सायकलवाल्याने पांढरी रेघ आणि हिरवी किनार जिथे एकत्र भेटतील तिथे बोट ठेवावे. दक्षिण बर्गंडीतल्या सोन-ए-ल्वार जिल्ह्यात असे बोट ठेवायला भरपूर जागा आहे.

टूर द फ्रान्समुळे आल्प्स आणि पिरेनीजचे घाट जगाला पाठ झाले आहेत. इथे त्या तोडीचे काही नाही. क्लूनी आणि तूर्न्यू या दोन गावांमधल्या टेकड्यांतला सर्वांत नावाजलेला माथा, माँ सें-रोमें, फक्त ५७९ मीटर उंच आहे. पण दोन टेकड्यांमध्ये सपाटी अशी मिळतच नाही. चढ संपतो, उतार सुरू होतो, तोवर पुढचा चढ दिसायला लागतो. पायांना काम आणि डोळ्यांना फुरसत, असे हे गणित आहे.

या भागाचा कणा म्हणजे एक मेलेली रेल्वे. शालों-स्यूर-सोनजवळच्या जिव्रीपासून क्लूनीपर्यंतच्या मार्गावरच्या गाड्या बंद पडल्या, रूळ उखडले गेले, आणि १९९७ मध्ये त्याच पट्टीवर डांबर टाकून ४४ किलोमीटरचा मार्ग सायकली, स्केट्स आणि पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. फ्रान्समध्ये पुढे शेकड्यांनी झालेल्या ‘व्हा व्हेर्त’ म्हणजे मोटारबंद हरित मार्गांमधला हा पहिला मानला जातो. जुन्या इंजिनांना चढ झेपत नसे. त्याचा फायदा आज आठ वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या आजीला सारखाच मिळतो, कारण वाट नावालाच वर-खाली होते.

जिव्री आणि ब्यूसी ही वाइनची गावे. पुढे सें-जांगू लागते. त्याच्या नावातला ‘रॉयल’ प्रजासत्ताकाने काढून ‘नॅशनल’ बसवला, पण गल्ल्या मध्ययुगीनच राहिल्या. कोर्मातेंला सतराव्या शतकातला खंदकवेढा महाल आहे. तेझेला १९४० साली ब्रदर रॉजे यांनी पाया घातलेला ख्रिस्ती समुदाय आहे. तिथे उन्हाळ्यात देशोदेशीची तरुण मंडळी हजारोंनी उतरतात, त्यामुळे या वाटेवर पाठीवर बोचकी घेतलेली पोरे कायम भेटतात.

वाट छानच आहे. तरीही खरी बर्गंडी तिच्यावर नाही. रेल्वेने नदीकाठची सोय पाहिली. गावे, किल्ले आणि चर्च मात्र पाणी आणि टेहळणी पाहून टेकड्यांवर वसली. सपाट पट्टीवरून सरळ निघून जाणारा माणूस हे सगळे दुरूनच पाहतो. म्हणून कोर्मातेंला वाट सोडावी आणि पूर्वेकडचा डी-१४ धरावा.

काही किलोमीटरवर शापेझ येते. मोजकी घरे आणि त्यांच्या मानाने फारच मोठे अकराव्या शतकातले चर्च. पस्तीसेक मीटर उंचीचा त्याचा मनोरा शेतांच्या वर कितीतरी आधीपासून दिसत असतो. आतले जाडजूड खांब वजनाने स्पष्ट कललेले आहेत आणि तसेच हजार वर्षे उभे आहेत. रंगरंगोटी नाही, सोने नाही. नुसता दगड, आणि बारीक खिडक्यांतून आलेला उजेड. पुढे रस्ता जंगलातून ब्रांसियोंच्या खिंडीकडे चढतो. ब्रांसियों म्हणजे किल्ला, बाराव्या शतकातले चर्च आणि चार गल्ल्या एवढाच पसारा असलेले टेकडीवरचे गाव. पाहुण्यांच्या मोटारी बाहेरच थांबतात. तिथून उतार थेट सोन नदीच्या खोऱ्यात, तूर्न्यूला नेतो. तिथल्या सें-फिलिबेर मठाच्या चर्चचे गोल खांब पाहायला सायकलला कुलूप लावून आत जावेच. मळ्यांच्या बांधांवर बिनचुन्याच्या दगडांच्या झोपड्या दिसतात. त्यांना इथे ‘कादोल’ म्हणतात. द्राक्षे राखणाऱ्यांनी त्या मळ्यातलेच दगड वेचून रचल्या. अचानक पाऊस आला तर आजही कामाला येतात.

एवढ्याशा गावांना एवढी चर्चेस कशी, याचे उत्तर क्लूनीत मिळते. ९१० मध्ये स्थापन झालेला इथला मठ पुढे युरोपभर शेकडो मठांचा धनी झाला. १०८८ मध्ये सुरू झालेले त्याचे तिसरे चर्च १८७ मीटर लांब होते. रोममध्ये नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले आणि लोकांनी त्याची चक्क दगडखाण केली. आज जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे: दक्षिणेकडची बाजू, तिच्यावरचा अष्टकोनी मनोरा, आणि रिकाम्या जागेत खांबांचे बुंधे. नेपोलियनच्या काळात इथे सरकारी अश्वशाळा झाली, तिच्या भिंतींतही मठाचेच दगड आहेत. मठाच्या इमारतींत आता इंजिनिअरिंगचे विद्यार्थी शिकतात. पाडापाडीचा हा हिशेब डोक्यात ठेवून गावातल्या साध्या घरांच्या चौकटी पाहत फिरण्यात तिकीट काढून आत जाण्याइतकीच मजा आहे.

रस्ते इतके शांत कसे? फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार ग्रामपालिका आहेत. जिल्ह्यांच्या ‘डी’ रस्त्यांखेरीज प्रत्येक गाव आपापल्या शिवारातले रस्ते स्वतः राखते. बैलगाड्या आणि घोडागाड्यांच्या जमान्यात आखलेले हे रस्ते आज डांबरी आहेत. लांबची वाहतूक ए-६ महामार्गाने आपल्याकडे ओढून घेतली आहे. आणि माणसेच कमी आहेत. जिल्ह्यात चौरस किलोमीटरला सरासरी ६५च्या आसपास लोक राहतात, तेही शालों, माकों अशा शहरांत दाटलेले. खेड्यातली तरुण पिढी शहराकडे गेली. कुठे शाळा बंद पडली, कुठे कॅफे, कुठे शेवटची बेकरी. तिच्या जागी पाव देणारे यंत्र उभे आहे. सायकलवाल्याला जी शांतता सुखाची वाटते, ती गावातल्या म्हातारीला औषधाच्या दुकानाचे अंतर मोजायला लावते. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ही बाजू येत नाही.

त्यामुळे शिदोरी बरोबर हवी. दुपारी बारा ते दोन दुकानाचे दार बंद म्हणजे बंद, आणि सोमवारी तर बेकरीचाही भरवसा नाही. पाण्याची मात्र एक जुनी युक्ती आहे: गावाचे कबरस्तान शोधायचे. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतोच. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, तेवढे पाहून बाटली भरावी. सायकलवाल्यांना ही गोष्ट गावकऱ्यांकडून नाही तर एकमेकांकडूनच कळते.

मोटारवाल्यांचा धाक इथे कमी वाटतो, त्याला कायद्याचाही हात आहे. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर सोडणे बंधनकारक आहे. बहुतेक गाड्या मागे थांबून राहतात, वळण संपले की मगच पुढे जातात. परक्याने जपायचे ते उजव्या बाजूला. जिथे पाटी नसेल तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क आधी. गल्ली शेणाने माखलेली आणि अंगणासारखी दिसत असली तरी तीतून येणारा ट्रॅक्टर थांबणार नाही. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर परावर्तक जाकीट घालावेच लागते. मे-जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. सप्टेंबरात द्राक्षतोडणीची वाहने रस्त्यावर येतात, तेवढे सांभाळावे.

क्लूनीच्या दक्षिणेला हा हरित मार्ग माकोंच्या दिशेने वाढवलेला आहे. या टप्प्यात काही काळ शेजारून पॅरिस-लिओं अतिवेगवान रेल्वे जाते. जुन्या लोहमार्गावर पंधराच्या वेगाने चाललेल्या माणसाच्या कानाजवळून ताशी पावणेतीनशेचा सणसणाट होतो आणि पुन्हा सगळे गप्प. त्यानंतर ब्वा क्लेरचा बोगदा. तो सुमारे १,६०० मीटर लांब, आत दिवे आहेत, पण भर जुलैतही जाकीट घालावे असा गारठा असतो. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्चअखेर, तो बंद ठेवतात, कारण आत वटवाघळे झोपलेली असतात. तेव्हा वरच्या खिंडीतून जावे लागते.

पलीकडे बेर्झे-ला-व्हीलचे छोटे प्रार्थनागृह आणि त्यातली क्लूनीच्या काळातली भित्तिचित्रे, कवी लामार्तीनचे बालपण गेलेले मिली, आणि शेवटी द्राक्षमळ्यांवर जहाजाच्या नाळेसारखा उठलेला सोल्यूत्रे खेड्याचा ४९३ मीटरचा कडा. १८६६ मध्ये त्याच्या पायथ्याशी घोड्यांच्या हाडांचे थरच्या थर सापडले आणि अश्मयुगाच्या एका पर्वाला या खेड्याचे नाव मिळाले. फ्रान्स्वा मित्तराँ दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला कडा चढत, राष्ट्राध्यक्ष असतानाही, आणि मागे पत्रकारांची रांग लागे. सायकल पायथ्याशी ठेवून माथ्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोचता येते. खाली उतरले की माकों स्टेशन दूर नाही, आणि तिथून पॅरिसच्या बर्सी स्थानकाकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीत सायकल न मोडता, न बांधता चढवता येते.