पांदण, धुरा आणि चाकोरी : वऱ्हाडातील सायकलवाटांचा एक भाषिक विचार

इ. स. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती–अकोला मार्गावर लोणी ते माना या टापूत एकेरी पट्ट्याच्या हिशेबाने ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ह्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतवाटांचे जे जाळे पसरलेले आहे, त्याची नोंद गावनकाशावरील तुटक रेषांपलीकडे क्वचितच आढळते. ह्या वाटा, त्यांवरून होणारा सायकलप्रवास आणि त्यांची नावे यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डांबरी नसलेल्या वाटांवरून दूरचा प्रवास करण्याचा जो सायकलप्रकार अलीकडे रूढ झाला आहे, त्यास ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. शर्यतीच्या सायकलीचे टायर सामान्यतः २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतात; ह्या प्रकारात ते ३५ ते ५० मिलिमीटर असतात व त्यांत हवा कमी दाबाने भरतात. त्यामुळे चाक खड्यावरून उसळण्याऐवजी त्याला सामावून घेते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडील दूधवाल्याच्या साध्या काळ्या सायकलीचे टायर २८ × १½ इंचांचे, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर रुंदीचे असतात. तेव्हा नाव नवे असले तरी व्यवहार आपणांस अपरिचित नाही.

ह्या प्रवासाच्या संदर्भात फ्रान्सच्या ग्रामीण भागाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील शेतवाटा टिकल्या, त्यामागे निसर्गाइतकाच कायदाही आहे. फ्रान्समध्ये ‘ग्रामीण वाट’ ही गावाच्या खाजगी मालमत्तेत मोडते. ती विकता येते, आणि म्हणूनच ती नाहीशीही होऊ शकते. १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यास पादचारी वाटांची नोंदवही करण्याचा अधिकार दिला. त्या नोंदवहीत समाविष्ट झालेली ग्रामीण वाट विकावयाची झाल्यास तिच्या बदली दुसरी योग्य वाट द्यावी लागते. नोंद म्हणजेच संरक्षण, हे येथे स्पष्ट होते.

भाषेच्या अभ्यासकास त्याहून अधिक उद्बोधक उदाहरण ब्रिटनी प्रांताचे आहे. तेथे १९८४ पासून ‘त्रो ब्रो लेओं’ नावाची सायकलशर्यत भरते. ब्रेतॉन भाषेच्या ‘दिवान’ शाळांसाठी निधी उभारावा, हा तिचा मूळ उद्देश होता. शर्यतीचा मार्ग शेतांतील कच्च्या वाटांवरून जातो आणि ह्या वाटांना ‘रिबिन’, अनेकवचनी ‘रिबिनू’, हे ब्रेतॉन नावच आहे. परक्या देशांतील स्पर्धकही आज तो शब्द उच्चारतात. वाट, तिचे नाव आणि ती भाषा ही तिन्ही येथे एकाच चाकावर चालली आहेत.

आता वऱ्हाडाकडे वळू. पूर्णेच्या खोऱ्यातील पयनघाट हा काळ्या, खोल, कपाशीच्या जमिनीचा प्रदेश आहे. ही जमीन पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. पावसाळ्यात तिचा चिखल चाकाला असा लपेटतो की, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दिवाळीनंतर तीच वाट सिमेंटासारखी कठीण होते. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी बसाल्टाची झीज होऊन झालेला मुरूम लागतो, त्यावर पाणी ठरत नाही. म्हणून दर्यापूरच्या बाजूची पांदण ही हिवाळ्याची वाट होय, तर अचलपूर–अकोट पट्ट्यातील मुरमाड वाट पावसाची उघडीप मिळताच चालू होते. उन्हाळ्याचे दिवस मात्र दोन्हीकडे पहाटेपुरतेच.

एकदा ‘दर्यापूरला कोणत्या वाटेने जावे,’ असे मी एका वृद्ध शेतकऱ्यास विचारले. ते म्हणाले, “पांधनीनं जासान त लवकर पोचसान, पन रात्री पाऊस झाला असन त डांबरीनंच जा, बाप्पा.” ह्या एका वाक्यात मार्ग, ऋतू आणि मृदाशास्त्र तिन्ही आली आहेत.

‘पांधन’ हा शब्द येथे तपासण्यासारखा आहे. पश्चिम महाराष्ट्रात ‘पाणंद’, वऱ्हाडात लेखी ‘पांदण’ आणि बोलीत ‘पांधन’ अशी त्याची रूपे आढळतात. शेवटचा ‘न’ हा वऱ्हाडीच्या नित्य प्रवृत्तीस धरून आहे. ‘पाणी’चे ‘पानी’ होते त्याचप्रमाणे. पांदण म्हणजे दोन कुंपणांमधील अरुंद गाडीवाट. गावठाणास ‘पांढरी’ व शेतजमिनीस ‘काळी’ म्हणण्याचा जुना प्रघात लक्षात घेतल्यास पांदण ही पांढरीस काळीशी जोडणारी वाट ठरते. ‘धुरा’ म्हणजे इतरत्रचा बांध. त्यावरून माणूस जातो, गाडी जात नाही. ‘चाकोरी’ म्हणजे चाकाने पाडलेली खोल रेघ. ‘वाट’ हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’पासून आला, ‘शीव’ ‘सीमा’पासून, ‘रस्ता’ मात्र फारसी. एकेका शब्दात वापराचा एकेक हक्क साठविलेला आहे.

हा हक्क कायद्यानेही मानला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेताच्या हद्दीवरून वाट मागता येते, कलम १६५ नुसार गावच्या ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये खाजगी जमिनीतील वहिवाटीच्या वाटेची रूढी नोंदविता येते, अडविलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ उपलब्ध आहे. तरीही दरवर्षी नांगराचा एकेक तास पांदणीत सरकतो आणि काही वर्षांत गाडीची वाट पायवाट होते, पायवाटेचा धुरा होतो. २०२१ मध्ये शासनाने ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ जाहीर केली. तिचे स्वागतच केले पाहिजे. कारण कापूस वेळेवर घरी आणणाऱ्यास पक्की वाट हवी असते, सायकलस्वाराच्या हौसेसाठी त्याने चिखल तुडवावा, असे कोणी म्हणणार नाही. तथापि योजनेच्या नावात ‘पाणंद’ आहे, अर्जदाराच्या तोंडी ‘पांधन’. कागदावर एकच रूप उरले तर ज्या नावाने गाव ती वाट ओळखते, ते नाव पुराव्यातून निसटण्याचा धोका आहे.

येथेच आपल्या विभागाचे काम सुरू होते. चक्रधरस्वामींच्या संचाराची स्थाने दिशांसह नोंदविणारी ‘स्थानपोथी’ महानुभावांनी रचली. त्या पंथाचे रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. स्थळाची मराठीत काटेकोर नोंद करण्याची ही परंपरा आपल्या दाराशी असता दूरचे आदर्श शोधण्याचे कारण नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दिवाळी ते शिमगा ह्या काळात सायकलीने एकेका गावाच्या पांदणी फिराव्यात. वाटेचे स्थानिक नाव उच्चारासह टिपावे, ती कोठून कोठे जाते व कोण वापरते ते लिहावे, आणि गावनकाशातील तुटक रेषांशी ताडून पाहावे. मेळघाटच्या राखीव वनात मात्र अनुमतीवाचून शिरू नये. अशी नोंद बोलीच्या कोशास उपयोगी पडेलच. पण एखाद्या शेतकऱ्याची अडविलेली वाट मोकळी होण्यास तिचा आधार मिळाला, तर भाषाशास्त्राने गावाचे ऋण काही अंशी फेडले, असे म्हणता येईल.