रिफ्यूज्डचा 'द शेप ऑफ पंक टू कम': ऐकणाऱ्यांचं भांडण नक्की कशावरून आहे?

हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे कसंय ना' काढून टाकलेत, दोन-चार वाक्यं नीट जोडून घेतलीत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. गाणी इथे वाजवून दाखवता येत नाहीत, त्यामुळे वाचता वाचता शेजारी अल्बम लावून ठेवलात तर बरं होईल.

आजचा विषय एकच अल्बम. स्वीडनच्या रिफ्यूज्ड या बँडचा, १९९८ मध्ये आलेला 'द शेप ऑफ पंक टू कम'. रॉक ऐकणाऱ्या चार लोकांसमोर याचं नाव काढून बघा. एक जण म्हणेल, यानंतर पंक पहिल्यासारखं राहिलंच नाही. दुसरा म्हणेल, ढोंगी पोरांनी उसन्या मालावर स्वतःचं लेबल चिकटवलंय. तिसऱ्याला 'न्यू नॉइज' हे एकच गाणं माहीत असेल आणि ते त्याला जाम आवडत असेल. चौथा म्हणेल, मधली ती इलेक्ट्रॉनिक टकटक काढली असती तर मस्त अल्बम झाला असता. मला गंमत अशी वाटते की चौघंही त्याच त्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एकाला जे गुण वाटतात, तेच दुसऱ्याला दोष वाटतात. असं का होतं, ते आज उलगडून बघू.

आधी थोडं 'पोस्ट-हार्डकोर'बद्दल

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हार्डकोर पंक उभं राहिलं. ब्लॅक फ्लॅग, मायनर थ्रेट, बॅड ब्रेन्स ही त्यातली मोठी नावं. गाणी बहुतेक दीड-दोन मिनिटांची, वेग भन्नाट, गाणं कमी आणि ओरडणं जास्त. मोठ्या कंपन्यांचं चकचकीत रॉक नको, म्हणून पोरांनी स्वतः वाजवलं, स्वतः रेकॉर्ड केलं, स्वतः विकलं.

पण कुठल्याही बंडाचं होतं तेच झालं. काही वर्षांत त्याचेही नियम ठरले. किती वेगात वाजवायचं, कसे कपडे घालायचे, कशावर चिडायचं, सगळं ठरलेलं. तेव्हा वॉशिंग्टन डीसीमध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग आणि नंतर, १९८७ पासून, फुगाझी यांनी त्या नियमांतून बाहेर पडायला सुरुवात केली. ताकद तीच, पण गाण्यात शांत जागा आल्या, ताल मध्येच तुटायला लागला, गिटार नुसती धडधडत न राहता एकमेकींशी बोलायला लागल्या. याला पुढे पोस्ट-हार्डकोर म्हणायला लागले. थोडक्यात, हार्डकोरच्या घरात वाढलेल्या मुलांनी घराच्या भिंती हलवल्या.

उमेओची पोरं

उमेओ हे स्वीडनच्या उत्तरेकडचं विद्यापीठाचं गाव. ९० च्या दशकात तिथे हार्डकोर ऐकणाऱ्यांची एक जबरदस्त टोळी होती. दारू नाही, सिगारेट नाही, ड्रग्ज नाहीत, ताटात मांसही नाही आणि राजकारण कट्टर डावं. १९९१ मध्ये रिफ्यूज्ड याच वातावरणात सुरू झाला. डेनिस लिक्सेन गायला, डेव्हिड सँडस्ट्रॉम ड्रम्सवर, क्रिस्टोफर स्टीन गिटारवर. १९९४ आणि १९९६ मध्ये त्यांचे दोन अल्बम आले. १९९६ चा तर सरळसोट, जडशीळ हार्डकोर होता आणि त्या वर्तुळात त्यांचं नाव झालं होतं. म्हणजे तोच माल पुढेही खपवता आला असता.

त्याऐवजी त्यांनी हा अल्बम केला. १२ गाणी, साधारण ५५ मिनिटं. 'द डेडली ऱ्हिदम'मध्ये गिटारचा हल्ला मध्येच थांबतो आणि उभ्या बासवर जॅझ सुरू होतं. 'लिबरेशन फ्रीक्वेन्सी'ची सुरुवात इतकी हळुवार आहे की वाटतं भलताच बँड लागला, आणि मग छप्पर उडतं. 'टॅनहॉयझर / देरीव्ह' व्हायोलिनवर उघडतं आणि आठ मिनिटांच्या वर चालतं. शेवटचं गाणं जवळपास कुजबुजत संपतं. दोन गाण्यांच्या मध्ये रेडिओचे तुकडे, बीट्स, बोलण्याचे आवाज. हार्डकोरचा अल्बम म्हणून विकत घेणाऱ्याला हे काय वाटलं असेल, विचार करा.

आणि हे सगळं ज्या गाण्यात एकत्र येतं ते 'न्यू नॉइज'. एक दबलेला रिफ फिरत राहतो, ताण वाढत जातो, आता फुटणार असं वाटतं तेवढ्यात सगळं खाली बसतं, इलेक्ट्रॉनिक ठोके तेवढे उरतात. मग फुटतं. गाण्याचा मुद्दा साधारण असा आहे की आपलं बंडखोर संगीतही आता पॅकबंद माल झालंय, आणि नवं काही सांगायचं असेल तर त्याचा आवाजही नवा लागेल. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

पहिला आक्षेप: हे तर उसनं आहे

टीका करणाऱ्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा हा आहे. बघा ना. अल्बमचं नाव ऑर्नेट कोलमनच्या १९५९ च्या 'द शेप ऑफ जॅझ टू कम'वरून. त्याच्याही मागे एच. जी. वेल्सच्या १९३३ च्या 'द शेप ऑफ थिंग्ज टू कम'चा प्रतिध्वनी. पहिल्या गाण्याचं लांबलचक नाव ॲलन गिन्सबर्गच्या 'हाऊल' कवितेतल्या शब्दांवरून. 'देरीव्ह' हा पॅरिसच्या सिच्युएशनिस्ट मंडळींचा शब्द. जाहीरनाम्याची भाषा आणि ऐट वॉशिंग्टनच्या नेशन ऑफ युलिसिसची, ज्यांनी १९९१ मध्येच अमेरिका उद्ध्वस्त करण्याचा १३ कलमी कार्यक्रम अल्बमच्या नावातच जाहीर केला होता. ज्यांनी तो बँड आधी ऐकलेला असतो, त्यांना रिफ्यूज्ड ऐकताना वाटतं की अरे, हे सगळं बघितलंय आम्ही.

माझं म्हणणं असं. उसनं आहे, शंकाच नाही. पण लपवलेलं नाही. प्रत्येक ऋण नावातच लिहून ठेवलंय. आपल्याकडे एखादा गवई जुनी बंदिश गातो तेव्हा आपण त्याला चोर म्हणत नाही. घराणं सांगून गातो, आणि मग त्या बंदिशीत तू काय केलंस, हे आपण ऐकतो. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. तिथे तर दुसऱ्याच्या लायब्ररी वापरल्याशिवाय पान हलत नाही. प्रश्न एवढाच असतो की जोडणी तुझी आहे का, आणि ती चालते का. नेशन ऑफ युलिसिसकडे ऐट होती, पण असा वजनदार, पॉलिश केलेला ध्वनी नव्हता. निर्माते पेल हेन्रिक्सन आणि एस्किल लोवस्ट्रॉम यांच्यासोबत या पोरांनी तो बनवला. शांततेनंतरचा स्फोट इतका मोठा लागतो, त्यात रेकॉर्डिंगचा वाटा फार आहे.

आणि साखळी इथे संपतही नाही. २००७ मध्ये पॅरामोरने 'बॉर्न फॉर धिस' या गाण्यात 'लिबरेशन फ्रीक्वेन्सी'तली ओळ घेतली. अँथ्रॅक्ससारख्या जुन्याजाणत्या मेटल बँडने 'न्यू नॉइज' वाजवलं. उसनं घेणाऱ्यांकडून पुढच्यांनी उसनं घेतलं.

दुसरा आक्षेप: क्रांती म्हणता आणि तिकिटं विकता

इथे बँडची गोष्ट सांगायला हवी. अल्बम बाजारात येण्याच्या सुमारासच बँड फुटला. १९९८ च्या शरद ऋतूत ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते, आपसातलं बोलणं जवळपास संपलं होतं. शेवटचा कार्यक्रम व्हर्जिनिया राज्यातल्या हॅरिसनबर्गमध्ये, एका घराच्या तळघरात. थोडीच गाणी झाली आणि पोलिसांनी येऊन तो बंद केला. नंतर बँडने जाहीर केलं की आम्ही संपलो, पुन्हा कधीही एकत्र वाजवणार नाही. या शेवटावर स्टीनने २००६ मध्ये माहितीपटही केला.

अल्बम लगेच कुणी डोक्यावर घेतला नव्हता. तो हळूहळू, तोंडोतोंडी आणि 'न्यू नॉइज'च्या व्हिडिओमुळे पसरला, आणि तोपर्यंत बँड नव्हताच. त्यामुळे त्याच्याभोवती एक दंतकथा तयार झाली. भविष्य सांगितलं आणि निघून गेले. असली गोष्ट कुणाला आवडणार नाही?

मग २०१२ मध्ये ते परत आले, तेही कोचेलासारख्या प्रचंड महोत्सवात. २०१५ मध्ये 'फ्रीडम' आला, त्यातल्या दोन गाण्यांवर शेलबॅकने काम केलं, जो टेलर स्विफ्टसाठीही गाणी करतो. २०१९ मध्ये 'वॉर म्युझिक'. 'न्यू नॉइज' 'द बेअर' या मालिकेत वाजलं. अनेक जुन्या श्रोत्यांना ही फसवणूक वाटली, आणि त्यांचा राग मी समजू शकतो. भांडवलशाहीविरुद्ध ओरडायचं आणि तिच्याच मंचावरून मानधन घ्यायचं, हे खुपणारच.

पण मला वाटतं, या रागात थोडं दुःखही आहे. ज्यांनी दंतकथेवर प्रेम केलं होतं, त्यांच्यासमोर चाळिशीतली हाडामांसाची माणसं येऊन उभी राहिली. आपल्याकडेही हे झालंय. साठीनंतरच्या लघुअनियतकालिकांतल्या कवींनी प्रस्थापितांना शिव्या घातल्या, आणि पुढे त्यांच्याच कविता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात लागल्या. (गिन्सबर्ग १९६२ मध्ये भारतात आला होता आणि मुंबईतल्या कवींना भेटला होता, ही जाता जाता.) अभ्यासक्रमात लागली म्हणून 'गोलपिठा'ची धार बोथट झाली का? पहिल्यांदा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा.

तिसरा आक्षेप: भरताड फार आहे

ही तक्रार मुख्यतः 'न्यू नॉइज'वरून अल्बमकडे आलेल्यांची असते. त्यांना तसंच आणखी ११ वेळा हवं असतं. माझ्या पिढीतल्या बऱ्याच गेम खेळणाऱ्यांनी तर रिफ्यूज्ड आधी दुसऱ्याच नावाने ऐकलाय. २०२० च्या 'सायबरपंक २०७७'मध्ये जॉनी सिल्व्हरहँडचा जो समुराई बँड आहे, त्याची गाणी रिफ्यूज्डने वाजवलीत, आवाज लिक्सेनचा. तिकडून इकडे येणाऱ्याला 'ब्रुइटिस्ट पोम नंबर फाइव्ह'सारखा वाद्यांचा तुकडा म्हणजे लोडिंग स्क्रीन वाटतो.

यात तथ्य आहे. सगळे जोड सारखे जमलेले नाहीत. काही बीट्सवर १९९८ चा शिक्का स्पष्ट दिसतो, आणि भविष्याचा दावा करणाऱ्या अल्बममध्ये तोच भाग सगळ्यात जुना वाटतो, हा थोडा काव्यगत न्यायच म्हणायचा. पण ते तुकडे काढून टाकले तर 'न्यू नॉइज'चं फुटणंही लहान होतं. तो तुकडा नेमका त्या गाण्याच्या आधी ठेवलाय. आधी हवा काढून घेतलीय, म्हणून नंतरचा श्वास मोठा लागतो.

मग खरं भांडण कशाचं?

माझ्या मते हे भांडण 'नवं' या शब्दाचं आहे. ज्यांना नवं म्हणजे पूर्वी कुणीच न केलेलं असं वाटतं, त्यांना हा अल्बम थापाड्या वाटणार. ज्यांना नवं म्हणजे आपल्या सवयीचं घर मोडण्याची हिंमत असं वाटतं, त्यांना तो आजही थरारक वाटणार. मी दुसऱ्या बाजूचा. या पोरांकडे चालणारा फॉर्म्युला होता, वाहवा करणारे लोक होते, आणि त्यांनी नेमका तोच फॉर्म्युला टाकून दिला.

आणि याचा एक हिशेब आपल्या गळ्यातही पडतो. हा अल्बम सांगतो की जुन्या आवाजाला चिकटून बसू नका. आपण काय केलं? त्यालाच 'क्लासिक' ठरवून चिकटून बसलो. २०१५ मध्ये 'फ्रीडम' आला तेव्हा सगळ्यात मोठी ओरड काय होती? की हा १९९८ सारखा वाटत नाही! ज्या श्रोत्यांनी 'नवा आवाज हवा' या घोषणेवर माना डोलावल्या, त्यांनाच बँडकडून जुना आवाज हवा होता. २०२४ च्या अखेरीस रिफ्यूज्डने आपल्या गावात, उमेओमध्ये, शेवटचा कार्यक्रम केला आणि दुकान खरंच बंद केलं. हा प्रश्न मात्र त्यांनी आपल्याकडेच सोडलाय.

ऐकायचं कसं

पहिल्यांदा ऐकणार असाल तर 'न्यू नॉइज'ने सुरुवात करा, लाजू नका. मग 'लिबरेशन फ्रीक्वेन्सी' आणि 'द डेडली ऱ्हिदम'. आवडलं तर दुसऱ्या दिवशी पूर्ण ५५ मिनिटं, क्रमाने, हेडफोन लावून, शफल बंद करून. त्यानंतर नेशन ऑफ युलिसिसचा १९९१ चा अल्बम ऐका आणि उसनवारीचा निवाडा स्वतः करा.

ऐकल्यावर मला एकच कळवा. तुमच्या आवडत्या बँडने, गायकाने, हवं तर नाटकवाल्याने, चालत असलेला मार्ग सोडून भलतंच काही केलं तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात, की जुनीच रेकॉर्ड लावून बसलात? पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया.