समुद्रपिचकारीवासी कोपेपोडांचे वर्गीकरण

समुद्रपिचकारी (ॲसिडियन) या सागरी प्राण्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांपैकी बहुसंख्य कोपेपोडा या गटातील आहेत. त्यांतील माद्यांचे रूप यजमानाच्या शरीरातील वास्तव्यामुळे इतके पालटलेले असते की, केवळ बाह्य आकारावरून त्यांचे परस्परांशी आणि मुक्तपणे पोहणाऱ्या कोपेपोडांशी असलेले नाते ओळखता येत नाही. त्यामुळे त्यांचे वर्गीकरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आजवर अनेकदा बदलले आहे. एके काळी त्यांच्यासाठी नोटोडेल्फिऑइडा हा स्वतंत्र गण मानला जात असे. आज हा गण रद्द झाला असून त्यातील प्राण्यांचा समावेश सायक्लोपॉइडा या गणात केला जातो.

यजमान प्राणी

समुद्रपिचकारी खडक, शिंपले, धक्क्यांचे खांब, बोटींचे तळ अशा जागी चिकटून राहते. तिच्या अंगाभोवती सेल्युलोजयुक्त कंचुक असतो व वरच्या बाजूस दोन नळ्या असतात. एका नळीतून पाणी आत येते, कल्ल्यांच्या जाळीदार पिशवीतून (क्लोमकोशातून) गाळले जाते आणि दुसऱ्या नळीतून बाहेर टाकले जाते. डिवचल्यास ती आतले पाणी जोराने बाहेर फेकते, म्हणून हे नाव. हा प्राणी दिसायला एखाद्या चामडी पिशवीसारखा असला, तरी त्याच्या डिंभावस्थेत पृष्ठरज्जू असतो. म्हणून त्याची गणना पृष्ठवंशी प्राण्यांच्या जवळच्या आप्तांत होते.

लहान जलचराच्या दृष्टीने हे एक सुरक्षित घर आहे. वाहते पाणी, भरपूर प्राणवायू, श्लेष्मात अडकलेले अन्नकण आणि शत्रूपासून आडोसा, हे सारे तेथे आयते मिळते. काही उभयपाद, झिंगे आणि छोटे खेकडेही या घराचा आश्रय घेतात. परंतु जातींची संख्या आणि रूपांची विविधता या दोन्ही बाबतींत कोपेपोडांची बरोबरी इतर कोणी करू शकत नाही. बहुतेकांची लांबी काही मिलिमीटरच असते. क्लोमकोशात राहणारे कोपेपोड मुख्यतः यजमानाने गाळलेल्या अन्नात वाटेकरी होतात, म्हणून त्यांना सहभोजी म्हणणे अधिक योग्य ठरते. अन्ननलिका, जठर वा ऊतींमध्ये शिरलेल्यांच्या बाबतीत मात्र परजीवी हा शब्द वापरावा लागतो. या दोन टोकांच्या मध्ये अनेक पायऱ्या आहेत आणि सीमारेषा नेमकी कोठे आखावी, यावर एकमत नाही.

रूपपालट

मुक्त जीवन जगणाऱ्या सर्वसामान्य कोपेपोडाचे शरीर पुढे रुंद व मागे निमुळते असते. त्याला स्पष्ट वलये, शृंगिकांच्या दोन जोड्या आणि पोहण्याचे पाय असतात. महाराष्ट्रातील वाचकांना यातील एक प्राणी नावाने तरी परिचित असेल. पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यातून नारू या रोगाचा प्रसार ज्याच्यामुळे होत असे, तो सायक्लॉप्स हा कोपेपोडच होय. (भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली प्रमाणित केले.) समुद्रपिचकारीतील कोपेपोड याच सायक्लॉप्सच्या गणातले आहेत, ही गोष्ट सहजासहजी पटत नाही.

नोटोडेल्फिडी कुलातील मादीचे धड फुगलेले असते. याचे कारण म्हणजे पाठीकडील अंडधानी. अंडी बाहेर लोंबणाऱ्या पिशव्यांत न राहता शरीरातील या पोकळीतच वाढतात. शृंगिकांच्या दुसऱ्या जोडीच्या टोकाला आकडीसारखी नखी असते. तिच्या साहाय्याने प्राणी यजमानाच्या क्लोमकोशाला धरून राहतो. नोटोप्टेरोफोरस या प्रजातीतील मादीच्या पाठीवर पंखांसारख्या लांब पाळ्या असतात. याउलट ॲसिडिकोलिडी कुल आणि त्याच्या निकटच्या गटांत अंडी बाहेरील पिशव्यांत वाहिली जातात, मुखांगे बहुधा क्षीण झालेली असतात आणि शरीर अळीसारखे होण्याकडे कल असतो. ॲसिडिकोला रोझिया ही जाती यजमानाच्या अन्ननलिकेत राहते, तर एन्टेरोकोला ही प्रजाती वसाहती करून राहणाऱ्या समुद्रपिचकाऱ्यांच्या पचनमार्गात आढळते.

रूपपालटाची परिसीमा गोनोफायसेमा गुलमारेन्सिस या जातीत दिसते. स्वीडनमधील गुलमार खाडीतील ॲसिडिएला ॲस्पेर्सा या समुद्रपिचकारीत ती सापडली आणि ब्रेशानी व ल्युत्झेन यांनी १९६० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रौढ मादीला पाय नाहीत, शृंगिका नाहीत आणि मुखांगेही नाहीत. ती म्हणजे केवळ फांद्या फुटलेला एक मांसल गोळा होय. नर डिंभ मादीच्या शरीरात शिरतो आणि तेथे त्याचे रूपांतर जवळजवळ केवळ वृषणात होते. म्हणूनच हा प्राणी प्रथमदर्शनी उभयलिंगी वाटतो. तो कोपेपोड आहे याची साक्ष त्याचे डिंभ देतात.

वर्गीकरणाचा आरंभ

आयर्लंडमध्ये काम करणारे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज जेम्स ऑलमन यांनी १८४७ मध्ये नोटोडेल्फिस ॲसिडिकोला या जातीचे वर्णन केले. नावातच प्राण्याचे वर्णन आले आहे. ग्रीक ‘नोटोस’ म्हणजे पाठ आणि ‘डेल्फिस’ म्हणजे गर्भाशय. लॅटिन ‘-कोला’ हा प्रत्यय मराठीतील ‘-वासी’ या पदासारखा आहे. पाठीवर गर्भाशय असलेला समुद्रपिचकारीवासी, असा संपूर्ण नावाचा अर्थ होतो.

त्यानंतरचा महत्त्वाचा ग्रंथ स्वीडनच्या टॉर्ड थोरेल यांचा आहे. पुढे कोळ्यांचे अभ्यासक म्हणून ख्याती पावलेल्या थोरेल यांनी १८५९ मध्ये समुद्रपिचकारीत राहणाऱ्या कवचधाऱ्यांवर स्वीडिश भाषेत प्रबंध प्रसिद्ध केला. डोरोपायगस, ब्युप्रोरस, ॲसिडिकोला इत्यादी प्रजाती त्यात प्रथम वर्णिल्या गेल्या. परंतु या प्रबंधाचे महत्त्व त्याच्या विषयापुरते मर्यादित राहिले नाही. थोरेल यांनी मुखाच्या रचनेवरून समस्त कोपेपोडांचे तीन विभाग केले: चावणाऱ्या मुखाचे नॅथोस्टोमा, निराळ्या घडणीच्या मुखाचे पॉसिलोस्टोमा आणि शोषणनलिका असलेले सायफोनोस्टोमा. एका आडवळणाच्या अधिवासातील प्राण्यांचा अभ्यास करताना सुचलेली ही विभागणी पुढे शतकभराहून अधिक काळ संपूर्ण गटाच्या वर्गीकरणावर प्रभाव गाजवीत राहिली.

गणाची स्थापना व विसर्जन

नॉर्वेचे जॉर्ज ओसियन सार्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुखाऐवजी प्राण्याच्या एकूण रचनेवर भर देऊन कोपेपोडांचे नवे गण सुचवले. कॅलॅनॉइडा, हार्पॅक्टिकॉइडा, सायक्लोपॉइडा ही आज रूढ असलेली नावे त्यांच्या मांडणीत आहेत. समुद्रपिचकारीवासी कोपेपोडांसाठी त्यांनी नोटोडेल्फिऑइडा हा गण मानला. नॉर्वेतील कवचधाऱ्यांवरील त्यांच्या बहुखंडी ग्रंथाच्या १९२१ मध्ये पूर्ण झालेल्या खंडात या गणाचे सचित्र विवेचन आहे. हे नाव दीर्घकाळ वापरात राहिले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सेमूर सेवेल यांनी १९३३–३४ च्या जॉन मरे मोहिमेचे नेतृत्व केले होते. अरबी समुद्र व लगतच्या भागात झालेल्या या मोहिमेच्या अहवालमालेत त्यांनी १९४९ मध्ये जो भाग लिहिला, त्याच्या शीर्षकातही नोटोडेल्फिऑइडाचा स्वतंत्र उल्लेख आहे.

या गणाचे दुबळे अंग म्हणजे त्याचा आधार. अंडधानी, फुगलेले धड, आखूड झालेले पाय ही सर्व लक्षणे प्रौढ मादीची आणि पुष्कळ अंशी अधिवासाने घडवलेली होती. एकाच प्रकारच्या घरात राहणारे प्राणी एकमेकांसारखे दिसू लागतात. पण त्यावरून ते एका घराण्याचे आहेत असे ठरत नाही. नर आणि डिंभ तपासले की चित्र पालटते. नोटोडेल्फिडी कुलातील नर पुष्कळदा सडपातळ असतात. त्यांच्या शरीराचा पुढचा व मागचा भाग सायक्लॉप्सप्रमाणेच चौथ्या व पाचव्या पायांच्या वलयांमध्ये सांधलेला असतो. अंड्यातून बाहेर पडणारा नॉप्लियस आणि त्यानंतरची कोपेपोडिड अवस्थाही सायक्लोपॉइडा गणाशी जुळते. पोहत पोहत यजमान शोधायचा असल्याने या अवस्थेत पूर्वजांची ठेवण शाबूत राहते.

या दिशेने पद्धतशीर काम वॉशिंग्टन विद्यापीठातील पॉल इल्ग आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया डडली यांनी केले. उत्तर अमेरिकेतील नोटोडेल्फिडी कुलावर इल्ग यांनी १९५८ मध्ये लिहिले. डडली यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरील जातींच्या विकासावस्थांचा क्रमवार अभ्यास करून १९६६ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे ह्युस व बॉक्सशॉल यांच्या कोपेपोडांच्या उत्क्रांतीवरील १९९१ च्या ग्रंथात दहा गण मानले गेले. त्यांत नोटोडेल्फिऑइडा नाही. थोरेल यांच्या पॉसिलोस्टोमा विभागाचेही नंतर तसेच झाले. त्याला गणाचा दर्जा मिळाला होता, पण बॉक्सशॉल व हॅल्सी यांनी २००४ मध्ये त्यातील कुले सायक्लोपॉइडा गणातच समाविष्ट केली.

एका नराची दोन नावे

नरांकडे पाहिल्याने सगळेच प्रश्न सुटतात असेही नाही. पॅकिपायगस गिबर (अर्थ: स्थूल बुडाचा, कुबडा) ही जाती सायोना इन्टेस्टिनॅलिस या समुद्रपिचकारीत राहते आणि तिचे वर्णन थोरेल यांनीच केले होते. फ्रान्सच्या यूजीन कानू यांनी १८९१ मध्ये ॲग्नॅथानेर मिन्युटस या नावाने एका लहानशा कोपेपोडाचे वर्णन केले. ‘ॲग्नॅथानेर’ म्हणजे जबडा नसलेला नर. जवळपास नव्वद वर्षे ही स्वतंत्र जाती समजली गेली. रेमोंद इपो-जाकोत यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, हा ‘जबडा नसलेला नर’ म्हणजे पॅकिपायगस गिबरचाच दुसऱ्या प्रकारचा नर होय. या जातीत नर दोन रूपांत आढळतो. एक नेहमीच्या घडणीचा, तर दुसरा आकाराने लहान, पोहण्यात तरबेज आणि क्षीण मुखांगांचा. नामकरणाच्या नियमांनुसार जुने नाव कायम राहिले व कानू यांचे नाव समानार्थी ठरले. नुसत्या बाटलीतील नमुन्यावरून हा उलगडा होणे कठीण होते. त्यासाठी प्राण्याचे जीवनचक्र पाहावे लागले.

कुलांची फेरमांडणी

गणाचा प्रश्न मिटल्यावर वाद कुलांच्या पातळीवर चालू राहिला. इल्ग व डडली यांनी १९८० मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात ॲसिडिकोलिडी हे कुल व्यापक मानून त्यात अनेक उपकुले केली. किम इल-होई व जेफ्री बॉक्सशॉल यांनी २०२१ मध्ये या गटाचे विस्तृत पुनरावलोकन करताना ब्युप्रोरिडी, बोट्रिलोफिलिडी आणि एन्टेरोप्सिडी यांना ॲसिडिकोलिडीच्या बरोबरीने स्वतंत्र कुलांचे स्थान दिले आणि ८४ नव्या जातींचे वर्णन केले. त्याआधी २०२० मध्ये याच दोघांनी नोटोडेल्फिडी कुलावर ग्रंथवजा प्रबंध लिहिला होता. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात क्लोद व फ्रांस्वाझ मोनियो या समुद्रपिचकारी-तज्ज्ञ दांपत्याच्या कार्यातून जमलेली सामग्री त्यांच्या अभ्यासाला आधारभूत ठरली. यजमानाचा अभ्यास करणाऱ्याने पाहुणे फेकून दिले नाहीत, याचा हा लाभ म्हणावा लागेल.

अभ्यासपद्धती

समुद्रपिचकारीचा कंचुक कापून क्लोमकोश, परिकोष्ठ व आतडे क्रमाने उघडले जातात आणि प्राणी कोणत्या अवयवात सापडला याची नोंद केली जाते. ही नोंद वर्गीकरणास उपयुक्त असते, पण तिच्यावर विसंबता येत नाही. नमुना लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून शृंगिका, जंभ, जंभिका व पाय सुईने सुटे केले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रेखाटने काढली जातात. प्रत्येक पायावरील काटे व दृढरोम यांची संख्या सूत्ररूपाने मांडली जाते. दोन जवळच्या जातींतील भेद पुष्कळदा या एका-दोन रोमांचाच असतो. एकाच यजमानात अनेक जाती एकत्र नांदत असल्याने कोणता नर कोणत्या मादीचा, हे ठरवणे अवघड असते.

डीएनए क्रमावरून ही जोडी जुळवता येते. मात्र संग्रहालयांतील जुने नमुने बहुधा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असतात आणि फॉर्मॅलिनमुळे डीएनएची हानी होते. त्यामुळे अशा नमुन्यांवरून वर्णिलेल्या जातींच्या बाबतीत रेखाटने हाच मुख्य पुरावा राहतो आणि आनुवंशिक तुलनेसाठी तीच जाती पुन्हा समुद्रातून, तिच्या यजमानासह, मिळवावी लागते.