राउटर थांबला, तर दोष कोठे शोधावा?

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि व्यापाऱ्याची वही संगणकात गेली. आज विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, सारे घरातील एका लहानशा राउटरवर अवलंबून आहे. मासिक विवरणपत्राच्या २० तारखेच्या रात्री तो थांबला, तर विलंब शुल्क आणि व्याज आपल्याच माथी येते. अशा वेळी घाबरून नवा राउटर विकत आणणारेही पुष्कळ आढळतात.

बँकेत दिवसअखेर ताळा जुळला नाही, तर आम्ही सर्व खतावण्या नव्याने लिहीत नसू. फरक कोणत्या नोंदीत आहे, तेवढे शोधत असू. येथेही तीच रीत लागू पडते. दोष चार ठिकाणी संभवतो: उघडावयाचे संकेतस्थळ, बाहेरून येणारी तार, राउटर, आणि राउटरपासून आपल्या संगणकापर्यंतचे वायफाय.

प्रथम मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच संकेतस्थळ उघडून पाहावे. तेथेही ते उघडत नसेल, तर बहुधा दोष संकेतस्थळाचा. राउटरला हात लावण्याचे कारण नाही. घरातील एकाच संगणकाला अडचण असेल आणि बाकी यंत्रे चालत असतील, तर तो संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

नंतर दिवे पाहावेत. फायबर जोडणीच्या यंत्रावर 'पॉन' हा दिवा साधारणपणे स्थिर हिरवा असतो. 'एलओएस' हा दिवा लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. कपाटामागे ती दुमडली किंवा रस्त्याच्या खोदकामात तुटली, की संकेत थांबतो. दुमड दिसल्यास हळुवार सरळ करावी. तुटलेली तार मात्र कंपनीचा तंत्रज्ञच जोडू शकतो. तिच्या टोकात डोकावून पाहू नये.

दिवे ठीक असूनही इंटरनेट चालत नसेल, तर राउटरची वीज बंद करून अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा सुरू करावी आणि ४-५ मिनिटे वाट पाहावी. त्यामुळे कंपनीशी जोडणी नव्याने होते. मागील बारीक छिद्रातील 'रिसेट'चे बटण मात्र दाबू नये. त्याने जोडणीचे नाव व पासवर्ड पुसले जातात आणि पाच मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते.

राउटरजवळ वेग चांगला, पण मागच्या खोलीत मंद, ही तक्रार सोलापूरच्या जुन्या दगडी वाड्यांत नेहमीची. जाड भिंती लहरी शोषून घेतात. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे दुबळा, २.४ चा मंद, पण दूरवर पोहोचणारा. म्हणून मागच्या खोलीत २.४ चा पट्टा निवडावा. राउटर घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. लोखंडी कपाटाआड किंवा तिजोरीशेजारी नव्हे. मुनीमजींच्या संगणकाला तर सरळ केबल जोडावी.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवलेला राउटर तापून वारंवार बंद पडतो. वीज जाण्याचा त्रास असेल, तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. ग्राहक सेवेचा क्रमांक बिलावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपवरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक भामट्याचा असू शकतो. राउटर दुरुस्त करण्यासाठी कोणासही यूपीआय पिन किंवा बँकेचा ओटीपी लागत नाही, आणि आपला मोबाइल परक्याला चालवू देण्याचीही गरज नसते. खात्यातून पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० वर आणि बँकेत कळवावे. बंद पडलेले इंटरनेट दुसऱ्या दिवशी सुरू होते. गेलेली रक्कम परत येईलच असे नाही.

तक्रार करताना वेळ व दिव्यांची स्थिती सांगावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी तो हक्क दिला आहे.

मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करण्यास घरातील सर्वांनी शिकून घ्यावे. आणि विवरणपत्र १८ तारखेसच भरावे. याहून स्वस्त उपाय दुसरा नाही.