रेड अ‍ॅरेची तब्येत

रेड-५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेल्या अ‍ॅरेमध्ये, एक डिस्क बंद पडली तरी सर्व्हर चालूच राहतो. खरा धोका हाच, कारण कुणाला पत्ताच लागत नाही आणि दुसरी डिस्क गेली की सगळा डेटा जातो. लिनक्सच्या ‘एमडीस्टॅट’ फाइलमध्ये प्रत्येक चालू डिस्कसाठी ‘यू’ हे अक्षर दिसते. डिस्क गळाली की त्या जागी नुसती अधोरेषा उरते. ‘एमडीअ‍ॅडम’ हा प्रोग्राम मॉनिटर म्हणून चालू ठेवल्यास तो लगेच ईमेल धाडतो. डिस्कच्या स्वतःच्या ‘स्मार्ट’ नोंदींत बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढू लागला, तर डिस्क बंद पडण्याची वाट पाहू नये. महिन्यातून एकदा अख्खा अ‍ॅरे वाचून तपासावा, कारण लपलेले खराब सेक्टर नेमके रीबिल्डच्या, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करण्याच्या, वेळी आडवे येतात. मुळशीतील माल्यासारख्या धो-धो पावसाच्या गावात यूपीएस हवाच. पावसात वीज अचानक गेली की डेटा आणि पॅरिटी (गेलेला डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली जादा माहिती) यांचा मेळ बिघडू शकतो. वीज आल्यावर आधी रीसिंक, म्हणजे हा मेळ पुन्हा बसवण्याचे काम, पूर्ण झाल्याची खात्री करावी.