सिमेंटमधून झिरपणारं फ्लोराईड

‘चांदी भरू की सिमेंट?’ असं दाताच्या डॉक्टरांनी विचारलं की सिमेंटच्या बाजूने एक वाक्य हमखास येतं: यातून फ्लोराईड सुटतं, म्हणून दात पुन्हा किडत नाही. यातला पहिला भाग निर्विवाद आहे. दुसऱ्याचा पुरावा मात्र अजून शोधला जातोय.

फ्लोराईड सिमेंटमध्ये आलं तेच मुळी आडवाटेने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढच्या दातांत सिलिकेट सिमेंट भरत. ते ठिसूळ होतं, तोंडात हळूहळू विरघळायचंही. पण त्याच्या कडेला नवी कीड फारशी लागत नाही, हे दंतवैद्यांच्या लक्षात आलं. सिमेंटसाठीची काच कमी तापमानाला वितळावी म्हणून तिच्यात फ्लोराईडची खनिजं घालत आणि तेच पुढे दातात सुटत होतं. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी तशाच काचेच्या भुकटीला फॉस्फोरिक आम्लाऐवजी पॉलिॲक्रिलिक आम्लाची जोड दिली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लास आयोनोमर, म्हणजे दवाखान्यातलं ‘जीआयसी’, जगापुढे आलं.

ते कालवताना बघण्यासारखं असतं. कागदी पॅडवर चमचाभर पावडर, शेजारी दोन थेंब द्रव, आणि प्लास्टिकची पट्टी. धातूची घेतली तर काचेचे कण तिला खरवडतात आणि सिमेंट करडं पडतं. अर्ध्या मिनिटात गोळा चकचकीत होतो. ती चकाकी आहे तोवरच तो दातात बसवायचा, कारण दाताच्या कॅल्शियमला धरणारे आम्लाचे गट तोवरच मोकळे असतात. गोळा निस्तेज झाला की सरळ फेकायचा. वरून व्हॅसलीन किंवा वार्निश लावतात, म्हणजे लाळेने कच्चं सिमेंट बिघडत नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत फ्लोराईड भरभरून सुटतं, काही आठवड्यांत ओसरतं आणि मग वर्षानुवर्षं अगदी थोडं झिरपत राहतं. जाहिरातीत आलेख दाखवतात तो बहुधा त्या पहिल्या उसळीचा. शिवाय ही मोजमापं पाण्यात बुडवलेल्या चकत्यांवरची. तोंडात लाळ असते, दातावर थर असतो, आम्लाचे चढउतार असतात. आम्ल वाढलं की फ्लोराईडही जास्त सुटतं, ही त्यातली सोयीची गोष्ट.

अडचण अशी की जे साहित्य फ्लोराईड जास्त सोडतं ते सहसा कमी मजबूत असतं. राळ मिसळलेलं आयोनोमर, काँपोमर, गायोमर ही सगळी या ओढाताणीतून निघालेली भावंडं. काँपोझिटच्या, म्हणजे राळेच्या भरणाच्या, जवळ जावं तसं बळ वाढतं आणि फ्लोराईड आटतं. चावण्याचा दाब येणाऱ्या दाढेत मोठा खड्डा असेल तर मी तरी फ्लोराईडच्या भरवशावर साहित्य निवडणार नाही.

प्रयोगशाळेत फ्लोराईडमुळे कडेच्या एनॅमलचं रक्षण होताना दिसतं. प्रत्यक्ष रुग्णांवरच्या अभ्यासांचा १९९९ साली आढावा घेतला गेला, तेव्हा ना बाजूने ना विरुद्ध, ठाम निष्कर्ष निघाला नाही. तरीही जीआयसी टिकलं ते आपल्या चिकटपणावर. १९८०च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन यांनी वीज आणि ड्रिलशिवाय, हातानेच कीड खरवडून दात भरण्याची ‘एआरटी’ पद्धत रुजवली. तिथे हेच सिमेंट लागतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडने दात डागाळलेली माणसं भेटतात. त्यांनी सिमेंटचा धसका घेऊ नये. दातातून झिरपणारं ते मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागतं, पाण्यातलं रोज पोटात जातं.

फ्लोराईड सोडून रितं झालेलं जीआयसी बाहेरून ते शोषतं आणि पुन्हा थोडं सोडतं, म्हणजे भरणाचं पुढचं आयुष्य बरंचसं टूथपेस्टवर ठरतं. भारतात पेस्टमधल्या फ्लोराईडची मर्यादा १००० पीपीएम आहे. पण लाल दंतमंजनात ते सहसा नसतंच, आणि अनेक ‘हर्बल’ पेस्टमध्येही नसतं. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचावं लागतं.